डबाभर काळी माती

टायर घ्यायला नगरला निघायचं त्या बुधवारी एस्तेरबाईंनी तीन पुडांचा डबा भरला. वरच्या पुडात भाकरी, मधल्यात वांग्याचं भरीत आणि खालच्या पुडात काळी माती. माती घरच्याच रानातली. पहाटे उठून त्यांनी ती चाळणीनं चाळली, खडे वेचले, पाणी शिंपडून मळली आणि असा लोण्यासारखा गोळा केला, की कुणालाही वाटावं आता ही बाई चूल लिंपायला बसणार.

सून मरिया गाडीची चावी घेऊन दारात आली. तिनं डब्यात डोकावून पाहिलं.

"आई, खालच्या पुडात माती आहे."

"मग? तुला न्हाई चारायची. टायरला चारायची हाय."

मरियानं डबा उचलून गाडीत ठेवला. अकरा वर्षं या घरात काढल्यावर तिला एवढं कळलं होतं, की सासूनं एखादी गोष्ट डब्यात भरली म्हणजे ती ठरवून भरलेली असते. विचारलं तर उत्तर मिळतं, पण ते ऐकायला सोपं नसतं.

टायरांचं प्रकरण गेल्या पावसाळ्यापासून घरात धुमसत होतं. मरिया जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. शाळा चौदा किलोमीटरवर, एका वस्तीला. अकरा किलोमीटर डांबरी आणि पुढं तीन किलोमीटर उसाच्या मधनं जाणारी काळ्या मातीची वाट. त्या वाटेवर गेल्या ऑगस्टात तिची गाडी घसरली ती थेट कडेच्या पाण्याच्या चारीत. मरियाला खरचटलंसुद्धा नाही. पण गाडी ओढायला ट्रॅक्टर लागला, आणि ट्रॅक्टर आला तो नेमका तिच्या नवऱ्याच्या, विल्सनच्या दोस्ताचा. झालं! दुसऱ्या दिवशी साखर कारखान्यात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय: फिटर विल्सनच्या बायकोनं गाडी चारीत घातली.

विल्सन हा एस्तेरबाईंचा एकुलता एक. मनानं सोन्यासारखा, पण कुणी फिदीफिदी हसलं की त्याचा अर्धा जीव जायचा. तेव्हापासून त्यानं धोशा लावला होता, पावसाळ्यात मरियानं गाडीला हात लावायचा नाही. एसटीनं जावं, नाहीतर बदली मागावी. एसटी शाळेच्या फाट्याला पोचते साडेअकराला. तोवर तेवीस पोरांनी काय झाडावर बसून राहायचं? आणि मरिया बदली होऊन गेली तर शाळेत उरणार एकटे आसाराम गुरुजी, ज्यांना गुडघ्यांमुळं खुर्चीपासून फळ्यापर्यंत जायलाच अर्धा तास लागतो.

मरियाचा जीव त्या शाळेत अडकलेला. एस्तेरबाईंचा कशात अडकला होता ते त्यांनी कुणाला सांगितलं नसतं. रविवारी चर्चला जाताना मरिया गाडी चालवायची आणि त्या पुढं, तिच्या शेजारी बसायच्या. काच खाली, पदर सारखा केलेला, बायबल मांडीवर. आवारात गाडी शिरली की बायका वळून बघायच्या, आणि एस्तेरबाई कुणाकडंच बघायच्या नाहीत. विल्सन चालवायला बसला की मात्र म्हणायचा, "आई, तू मागं बस, तुला पट्टा लावता येत नाही." पट्टा! चौथी शिकलेल्या ज्या बाईनं नवऱ्याच्या मागं दोन एकर ऊस एकटीनं वाढवला, तिला म्हणे पट्टा लावता येत नाही. मरियानं दोन दिवसांत शिकवला होता की!

मे संपत आला तसा विल्सननं जेवताना पुन्हा विषय काढला.

"शाळा भरायच्या आत चावी माझ्याकडं दे, मरिया."

एस्तेरबाईंनी हातातला तुकडा ताटात टाकला. "गाडी तिनं घातली का चारीत? टायरनं घातली. कधी खाली वाकून बघितलंस का? माझ्या पोळपाटापरीस गुळगुळीत झालेत ते."

"टायर बदलून रस्ता बदलत नाही, आई."

"आन् बाई बदलून बदलतो व्हय?"

विल्सनला हसू आलं, पण त्यानं हट्ट सोडला नाही. जरा वेळानं म्हणाला, "बरं, असं करू. शुक्रवारी कालव्याचं पाणी सुटतंय. आपल्या उसाला पाणी लागलं, की विहिरीपासून डांबरीपर्यंतच्या वाटेचा नुसता चिखल-राडा होतो. नवे टायर घाला. त्या राड्यातनं मरियानं गाडी स्वतः बाहेर काढली, तर मी पुन्हा चकार शब्द बोलणार नाही. अडकली, तर दिवाळीपर्यंत चावी माझ्याकडं."

"चालेल," मरिया म्हणाली. अगदी शांतपणे, हजेरी घेतल्यासारखं.

"चालंल," एस्तेरबाई म्हणाल्या. "पर टायर मी निवडनार."

मरियाचा घास हातातच राहिला.

*

फक्रुद्दीनभाईंचं टायरचं दुकान भिंगारच्या बाजारात. पाट्यांवर अहिल्यानगर झालं तरी तोंडात अजून नगरच येतं आणि नगरला टायर घ्यायचे तर भिंगारलाच जायचं, हे एस्तेरबाईंच्या मालकांपासून चालत आलेलं. फक्रुद्दीनभाईंचे वडील लष्कराच्या ट्रकांचे टायर काढायचे-घालायचे. आता भाईंचीच दाढी पांढरी झाली होती. दुकानात टायरांच्या उतरंडी, पुढं पंक्चर बघायचा पाण्याचा टब आणि सगळीकडं नव्या रबराचा वास.

"या मावशी, बसा पंख्याखाली. गाडी कुठं चालते, ते आधी सांगा."

"अकरा डांबरी, तीन मातीची. काळ्या मातीची."

"आणि पावसाळ्यातही?"

"पावसाळ्यातच तर सगळी बोंब हाय."

"मग ऑल सीझन घ्या. ऊन, पाऊस, थंडी, सगळ्याला एकच टायर."

"म्हंजी बारमाही." एस्तेरबाईंनी मान डोलावली. "तेच पायजे. पर भाई, बारमाही म्हनून सांगितलेली विहीर मी फेब्रुवारीत आटलेली बघितलीया. तवा तोंडानं नका सांगू, मांडून दावा."

भाईंनी हसत हसत तीन टायर पुढं आणून उभे केले. पहिल्याला सरळ चार खोल रेघा, मधे बारीक चिरा. दुसऱ्याच्या रेघा मधनं निघून तिरप्या होत कडेला गेलेल्या. तिसरा ढेकळाढेकळांचा, दांडगा, जीपला शोभेल असा.

मरियानं दुसऱ्यावर हात ठेवला. "आई, मला हा बरा वाटतो."

"ह्यो?" एस्तेरबाईंनी नाक मुरडलं. "घाईत केरसुनी फिरवल्यावानी नक्षी हाय ती. ह्यो बघ पयला. कशा सरळ रेघा, नांगरल्यावानी! काम करनारानं सरळ करावं."

आणि त्यांनी डबा उघडला. भाईंना वाटलं जेवणाची वेळ झाली, ते म्हणाले, "मावशी, चहा सांगतो, तुम्ही..." आणि खालचं पूड दिसल्यावर वाक्य अर्ध्यावरच राहिलं. "या अल्ला! हे काय?"

"परीक्षा," एस्तेरबाई म्हणाल्या.

त्यांनी तिन्ही टायरांना हातभर जागेत माती भरली. अंगठ्यानं दाबून, रेघ न रेघ बुजवून, वरनं हात फिरवून. चूल लिंपणाऱ्या बाईचा हात तो. मग सगळ्यांना सांगितलं, जरा सुकू द्या. तोवर भाकरी-भरीत झालं. भाईंनीही नाही-नाही म्हणत एक चतकोर घेतली आणि भरीत कुणाच्या हातचं ते विचारलं. दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक चारचाकीचं काम सोडून तिथंच उभं राहिलं. कुणी टायरला माती चारताना त्यानं जन्मात बघितलं नसावं.

"आता उचला आन् आपटा," एस्तेरबाईंनी फर्मान सोडलं.

भाईंनी पहिला टायर उचलून फरशीवर आपटला. माती सुटून पडली. दुसरा आपटला, पडली. तिसऱ्याचीही पडली. रेघा अशा निघाल्या जशा धुऊन ठेवल्यात.

"तिन्ही पास!" भाईंनी टाळी वाजवली. "मावशी, आता डोळे मिटून कुठलाही घ्या."

"पयला द्या," एस्तेरबाई म्हणाल्या आणि त्यांनी सुनेकडं असं बघितलं, की बघ, शाळा शिकली तू, आणि अक्कल कुणाची चालली.

मरिया मात्र खाली वाकली होती. पडलेला एक गोळा उचलून तिनं बोटांत चुरला. तो सहज चुरला.

"आई, आपली माती चपलेला लागली तर दगडानं खरवडावी लागते. ही इतकी सहज सुटली कशी?"

"मी मळलीया म्हनून," एस्तेरबाई म्हणाल्या आणि तो चुरा हातात घेतला.

काळ्यात करडे ठिपके. एक-दोन भुशाच्या काड्या.

एस्तेरबाईंना कळलं. माती मळायला बसलं की दोन मुठी राख आणि चिमूटभर भुसा घालायचा, म्हणजे चुलीला चिरा पडत नाहीत आणि माती हाताला चिकटत नाही. पन्नास वर्षं त्यांचे हात हे करत आले होते. पहाटे त्या टायरचा विचार करत बसल्या होत्या, आणि हात आपले चूल लिंपायला निघाले होते. राखेचा डबा काढला कधी, मूठ घातली कधी, त्यांना आठवतसुद्धा नव्हतं.

मरियाच्याही ध्यानात आलं होतं. ते तिच्या तोंडावर दिसत होतं. पण ती फरशीकडं बघत राहिली. भाई पावती पुस्तक शोधत होते. गप्प बसलं तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. पण शुक्रवारच्या राड्यात काही कुणी राख मिसळून ठेवणार नव्हतं, आणि त्या राड्यात स्टिअरिंग धरून बसणार होती ती ही पोरगी.

"भाई, थांबा." एस्तेरबाईंचा आवाज जरा चढलाच. चूक कबूल करताना त्यांचा आवाज नेहमी भांडल्यासारखा व्हायचा. "परीक्षा खोटी झाली. माझ्या हातांनी राख घातली तिच्यात. चुलीची सवय. मेले इचारत बी न्हाईत!"

गिऱ्हाईक फिस्कन हसलं. एस्तेरबाईंनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. ते आपल्या गाडीकडं गेलं.

मरिया तोवर बाहेर पोचली होती. भाईंच्या हत्यारांतला एक पेचकस घेऊन ती गाडीच्या चाकावरच्या पत्र्याखाली वाकली आणि खरडू लागली. दोन मुठी ढेकळं निघाली, विटेसारखी कडक.

"ही शाळेच्या वाटेची," ती आत येऊन म्हणाली. "गेल्या ऑगस्टातली. तीनदा गाडी धुतली तरी निघाली नव्हती."

ढेकळं तिनं पंक्चरच्या टबातल्या पाण्यानं भिजवली. एस्तेरबाईंनी सवयीनं हात पुढं केला आणि मागं घेतला.

"तूच मळ, बाई. माझे हात आज इमानी न्हाईत."

मरियानं मळली. तिला काही ती कला नव्हती, माती कोपरापर्यंत गेली, ओढणीला लागली. पण माती खरी होती. अशी चिवट, की बोटांतनं सुटेना. पुन्हा तिन्ही टायर भरले. सुकेपर्यंत चहा झाला. पुन्हा भाईंनी पहिला उचलून आपटला.

माती हलली नाही. सरळ चार रेघांत ती अशी बसली होती, जशी तिथंच जन्मली. दुसऱ्यांदा आपटला, तिसऱ्यांदा आपटला. टायर तेवढा पोळपाटासारखा गुळगुळीत दिसायला लागला.

दुसरा आपटला. मधे थोडी राहिली, पण कडेला तिरप्या रेघांतली माती तुकडे होऊन बाहेर पडली. दुसऱ्यांदा आपटल्यावर उरलेलीही निघाली. तिसऱ्या दांडग्याची तर एकाच दणक्यात गेली.

"तिसरा जोरात आहे," भाई म्हणाले. "पण खरं सांगतो मावशी, तो मातीचा गडी. रोज अकरा किलोमीटर डांबरी म्हणजे कानाशी भुंगा लागल्यागत घुमेल, आणि ओल्या डांबरीवर ब्रेक मारला तर थांबायलाही वेळ घेईल."

एस्तेरबाई दुसऱ्या टायरपुढं उकिडव्या बसल्या आणि त्या तिरप्या रेघांवरनं बोट फिरवत गेल्या. मधनं कडेला, मधनं कडेला. मग त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

"अगं, सरी हाय ही! सरीला बांधाकडं तोंड नसलं तर पानी तुंबतं, ऊस पिवळा पडतो. तोंड ठेवलं की आपसूक निघून जातं. हे मला ठाव न्हाई व्हय? चाळीस वर्सं सऱ्याच काढल्या की मी! आन् हितं येऊन त्याच्या सरळ रूपावर भुलले."

"मग दुसरा?" मरियानं विचारलं.

"केरसुनीवालाच," एस्तेरबाई म्हणाल्या. "तुझाच."

भाईंनी मागनं त्याच जातीचे आणखी तीन टायर आणले आणि निवडलेल्याच्या जोडीला उभे केले. एस्तेरबाई उठल्या नाहीत. "आता दात दावा."

"दात?"

"माझा बाप काष्टीच्या बाजारात बैलाचं तोंड उघडल्याबिगर पैसं काढत नव्हता. मरियानं मोबाईलवर वाचून दावलंय मला. कडंला चार आकडे असत्यात. पयले दोन आठवड्याचे, मागले दोन सालाचे."

अक्षरं त्यांना जड जायची, पण इंग्रजी आकडे कारखान्याच्या वजनपावत्यांवर बघून बघून पाठ झालेले. त्या टायरागणिक वाकत गेल्या. चार एक दोन पाच. चार एक दोन पाच. चार एक दोन पाच. आणि चौथा: एक पाच दोन तीन.

"भाई, तीन खोंड आन् एक म्हातारा. एका गाडीला जुंपायचे का हे?"

फक्रुद्दीनभाईंनी चष्मा लावून बघितलं, कपाळाला हात लावला आणि गोदामातल्या माणसाच्या नावानं शंख केला. चौथा बदलून आला. त्याचेही दात बघून झाले. मगच चाकं उतरली.

परत येताना एस्तेरबाई पुढं बसल्या आणि त्यांनी पट्टा लावला. अरणगाव मागं पडल्यावर म्हणाल्या, "ते राखेचं घरी सांगायची गरज न्हाई."

"कुठली राख?" मरिया म्हणाली आणि गिअर बदलला.

*

शुक्रवारी कालव्याचं पाणी आलं. दुपारपर्यंत ऊस भिजला आणि वाटेवर घोट्याएवढा काळा राडा झाला. विल्सन दुसऱ्या पाळीला जाणार होता, म्हणून धुतलेला शर्ट घालून डांबरीच्या कडेला उभा राहिला, मोबाईल हातात धरून. शेजारच्या लंकाबाई तर खास तिखट वाटायचं काम टाकून आल्या होत्या. त्यांना सगळं बघायचं असतं.

विहिरीपाशी मरियानं गाडी सुरू केली. दार उघडून एस्तेरबाई आत बसल्या.

"आई, तुम्ही कशाला? अडकली तर..."

"अडकली तर दोघी अडकू. चल."

गाडी राड्यात उतरली. आधी सरळ गेली. मग अर्ध्यावर, जिथं पाट फुटून पाणी वाटेवर साचलं होतं, तिथं मागची बाजू घसरून चारीकडं झुकली. एस्तेरबाईंच्या तोंडात 'ब्रेक मार' आलं होतं. ते त्यांनी तसंच गिळलं, कारण ब्रेक कुठला आणि कधी हे या पोरीला जास्त कळतं, हे बुधवारपासून त्यांना मान्य होतं. मरियानं ब्रेक मारला नाही. पाय हलका केला, स्टिअरिंग किंचित वळवलं आणि वाट बघितली. टायर एकदा जागच्या जागी फिरले, चिखलाची गच्च ढेकळं दोन्ही कडांनी भिरकावली गेली, आणि रबरानं जमीन धरली. गाडी हिसका देऊन वर आली. शेवटच्या चढावर तर अशी निघाली, की विल्सनला बाजूला व्हायला वेळच मिळाला नाही. धुतलेल्या शर्टावर काळ्या मातीची शिंपण झाली. मोबाईलवरही झाली.

लंकाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. विल्सनही शर्टाकडं बघून हसला, आणि या खेपेला हसताना त्याचा जीव काही गेला नाही. तो टायरापाशी वाकला. तिरप्या रेघा मोकळ्या होत्या, कडेला तेवढी माती लोंबत होती.

"आई, मानलं तुला. एवढ्या टायरांतनं हाच कसा निवडलास गं?"

लंकाबाईंनी कान टवकारले. एस्तेरबाई गाडीतनं उतरत होत्या. हो म्हटलं असतं तर रविवारपर्यंत सगळ्या चर्चमध्ये त्यांचंच नाव झालं असतं. मरिया स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होती. ती काही बोलणार नव्हती, आणि एस्तेरबाईंना ते पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांना राहवेना.

"म्या न्हाई. तिनं," त्या फटकन म्हणाल्या. "म्या मातीत राख घालून नेली हुती, चुलीसारखी. सरळ रेघंवर भुलून वंगाळच घेऊन आले असते. परीक्षेची माती तिनं आनली, मळली तिनं. आन् लंकाबाई, हसायचं असंल तर हितंच पोटभर हसा. घरोघर जाऊन थोडं-थोडं हसू नका."

लंकाबाई हसल्या. पोटभर हसल्या. एस्तेरबाईंनी ते उभ्या राहून ऐकून घेतलं, आणि गंमत म्हणजे ते वाटलं होतं तेवढं लागलं नाही.

विल्सननं खिशातनं गाडीची दुसरी चावी काढली. गेल्या ऑगस्टापासून ती त्याच्याच खिशात असायची. खिडकीतनं त्यानं ती मरियाच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "शाळा पंधराला भरते ना? टायरांतली हवा बघून देईन मी."

डब्याच्या खालच्या पुडात थोडी माती उरली होती. एस्तेरबाईंनी त्याच संध्याकाळी ती भिजवून चुलीच्या फुटल्या काठाला लावली. एका हातात बसली. चूल अजून तडकलेली नाही.

रविवारी चर्चला जाताना मरिया स्टिअरिंगवर बसली, एस्तेरबाई पुढं, काच खाली करून. विल्सन मागं बसला. जरा वेळ तो सीटच्या फटीत हात घालून काहीतरी शोधत राहिला.

"काय झालं रं?" एस्तेरबाईंनी मान न वळवता विचारलं.

"पट्ट्याचं टोक सापडत नाही."

"असू दे. मरियाला सांग," त्या म्हणाल्या आणि पदर सारखा केला. "दोन दिवसांत येतो."